भरताना फुटलेली बांगडी

"आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," फोनमधली बाई म्हणाली, आणि तिच्यामागून पुन्हा तीच पिपाणी वाजायला लागली.

"महत्त्वाचा हाये तं उचल ना मंग," जमीलाबी फोनवर खेकसली.

"अम्मी, मशीन हाये ते. त्याले काय बोलता?" फरहा, तिची सून, म्हणाली.

रिसोडच्या बाजारातलं ते बांगड्यांचं दुकान म्हणजे एक बोळकांडीच. फोन गल्ल्यावर उताणा ठेवलेला, आवाज मोठा केलेला, आणि त्याच्यासमोर फरहा पेन घेऊन बसलेली. जमीलाबी मात्र बसेल तर शपथ. कपाटातल्या बांगड्या काढायच्या, फडक्याने पुसायच्या, परत ठेवायच्या, दारात जाऊन एसटी स्टँडच्या रस्त्याकडे डोकावून यायचं, आणि आल्यावर पुन्हा तीच रांग पुसायची. काच झिजत नाही म्हणून बरं. लगीनसराई आटोपलेली, गिऱ्हाईक तुरळक, पण तगमग त्यापायी नव्हती. गावातल्या जुन्या गिऱ्हाइकाने, उज्ज्वलाने, तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि ज्यांच्यामुळे हे झालं, त्या नीलपंख विमान कंपनीकडून जमीलाबीला दोन शब्द वसूल करायचे होते. फरहा त्याला नुकसानभरपाई म्हणायची. जमीलाबी म्हणायची, "आमच्यामुळं झालं, येवढं कबूल करा म्हणा. तो कागद मी उज्ज्वलाच्या हातात नेऊन देतो."

बाहेर ओट्यावर इब्राहीमचाचा चहाची बशी फुंकत बसले होते. बायकोचा जीव टांगणीला लागला की नवऱ्याला थट्टा सुचते, ही तर जगाची रीत. "जऊळक्याच्या टेसनावरून रेल्वेनं गेली असती तं आतापर्यंत दोनदा जाऊन आली असती," ते म्हणाले. "आपली गाडी लेट होते, पण मुकाट्यानं होते. पिपाणी वाजवत नाही."

"तुमी चहा प्या," जमीलाबी म्हणाली.

तेवढ्यात इंझोरी गावच्या दोघी मायलेकी आत आल्या. लेक कोवळी, हात मात्र कामाचा, राठ. जमीलाबीची तगमग कुठल्या कुठे गेली. पोरीचा हात तिने मांडीवर घेतला, अंगठ्याचं मूळ आत दाबलं, बोटं जुळवली आणि एकेक बांगडी अशी सरकवली की पोरगी बोलत होती ते वाक्यही तुटलं नाही. पण शेवटच्या बांगडीला पोरीने हात आखडला आणि कट्‌ झालं. पोरगी ओशाळली, तिच्या आईने कमरेची पिशवी चाचपली.

"ठेव ते," जमीलाबी म्हणाली. "हातात चढल्यावर फुटली तं तुही. भरताना फुटली ते माही." आणि तुकडे तिने गल्ल्याखालच्या डब्यात टाकले.

बांगडी भरणाऱ्याचा हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण रिसोडपासून नागपूरपर्यंत तो मोडलेला कोणी ऐकला नाही. हात तुमच्या हातात आहे तोवर जबाबदारी तुमची. इतकं साधं असतं सगळं. मायलेकी गेल्यावर जमीलाबी फोनकडे बोट करून म्हणाली, "यायले येवढंच सांग. म्या माहा दिवस त्यायच्या हातात देल्ला होता. त्यायच्या हातात फुटला. मंग तो कोणाचा?"

"असं लिवता येत नाही, अम्मी," फरहा म्हणाली. "त्यायले नियम सांगा लागते."

"हाच नियम हाये."

आता उज्ज्वलाचं सांगायला हवं. उज्ज्वला रिसोडच्या धान्य अडत्याची बायको. नवरी होऊन गावात आली तेव्हा तिचा चुडा जमीलाबीनेच भरला होता, आणि पुढे सणावाराला, डोहाळजेवणाला, नागपंचमीला तो हात दुसऱ्या कोणाच्या हातात कधी गेला नाही. ती जमीलाबीला चाची म्हणायची. तीन वर्षांमागे अडत्या गेला. तेराव्यानंतर उज्ज्वला बाजारात दिसायची ती पदर पार बोटांपर्यंत ओढून. सोयाबीनचा हिशेब तीच बघायची, मुनीमाला तीच दटावायची, पण दुकानासमोरून जाताना मान वळवायची नाही. जमीलाबीला ते दिसायचं. उभा जन्म बायकांच्या मनगटांकडे बघण्यात गेला, तिला मोकळं मनगट दिसत नाही असं होईल कसं?

मग रुचिकाचं, उज्ज्वलाच्या लेकीचं, लग्न ठरलं. मुलगा बेंगळुरूचा, लग्नही तिकडेच. उज्ज्वला चुडा पसंत करायला आली आणि तिने हिरव्या काचेवरून बोट फिरवलं ते जरा जास्तच वेळ फिरवलं.

"पयले तुह्या हातात भरीन," जमीलाबी एकदम म्हणाली. "मंग पोरीच्या. मायच्या हातात पयले, असा रिवाजच हाये."

"तो सवाष्णीचा रिवाज, चाची."

"रिवाज माहा हाये. कोणाचा ते मी ठरवीन. बांगडी भरणारीनं एकदा हात धरला ना, तं मंधात कोणी तोंड घालत नाही. पाह्यतो ना कोण बोलते."

उज्ज्वलाने काचेवरचं बोट मागे घेतलं. मग हळूच म्हणाली, "तुमी असाल तरच हो. नाहीतं मी कोणासमोर हात करणार नाही." आणि तिने स्वतः मोबाइलवर जमीलाबीचं विमानाचं तिकीट काढलं. रेल्वेने ती चुड्याला पोचली नसती, कारण त्याआधी तिने दुसऱ्या एका घरी चुडा भरायचा शब्द दिला होता. जमीलाबी विमानाने जाणार ही बातमी अख्ख्या बाजारात झाली. काही बायका तर तिला बघायला आल्या, जणू तिला पंख फुटणार होते.

आणि विमान लेट झालं. नागपूरला सकाळी विमानतळावर आत जाऊन बसली ती. बांगड्यांची पेटी मांडीवर. आधी म्हणाले थोडा उशीर आहे, मग म्हणाले तांत्रिक कारण आहे, मग काहीच म्हणेनासे झाले. बिस्किटाचा पुडा दिला. जमीलाबी काचेतून बाहेर बघायची, बाहेर विमानं उभी, उन्हात, ढिम्म. जी उडायची ती दुसऱ्यांची. ती उठायची, त्या निळ्या कपड्यातल्या मुलीकडे जायची, "बेटा, दुपारी चुडा हाये," म्हणायची, आणि ती मुलगी सगळ्यांना द्यायची तेच हसू तिला द्यायची. पोचली तेव्हा गोरज मुहूर्त होऊन गेलेला, पंगती उठत होत्या. रुचिकाच्या हातात कुठल्यातरी दुकानातला चुडा, तोही इतका ढिला की नवरी हात वर करी तेव्हा बांगड्या कोपराकडे धावत. उज्ज्वला समोर आली, "जेवून घ्या," म्हणाली आणि आत गेली. परतीच्या रेल्वेतही ती खिडकीशी बसून होती, पदर बोटांपर्यंत. गावात आल्यावर फोन उचलला नाही, निरोपाला उत्तर दिलं नाही, आणि दुकानावरून जायचं होतं तर ती मागच्या गल्लीने जायला लागली.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले होते.

पिपाणी थांबली. "नमस्कार, मी धम्मरत्न बोलतोय. मी आपली काय मदत करू शकतो?"

फरहा सरसावून बसली. तिने तिकिटाचा नंबर सांगितला, तारीख सांगितली, आधी केलेल्या तक्रारी सांगितल्या. नीलपंखने एकदा पुढच्या प्रवासाला वापरायचं कूपन पाठवलं होतं, ते आम्हाला नको, हेही सांगितलं.

"कूपन कायले पाहिजे?" जमीलाबी मध्येच म्हणाली. "एक डाव बसली तं हे झालं. पुना बसून काय गाव सोडू?" मग फोनजवळ वाकून तिने विचारलं, "कोण्या गावचा रे तू, बाबू?"

पलीकडून पाठ केलेलं उत्तर आलं. "मॅडम, वैयक्तिक माहिती आम्हाला देता येत नाही."

"मंग माही कायले विचारून राह्यला?"

बाहेर इब्राहीमचाचांना चहाचा ठसका लागला. पण धम्मरत्न हसला नाही. तो बिचारा पाट्यांवर लिहिल्यासारखं शुद्ध बोलत होता, आणि तसंच बोलत त्याने जे सांगितलं त्याने दुकानातली हवाच बदलली. "मॅडम, आमच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी दुपारच्या आधी आपल्याला दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा देऊ केली होती. ते विमान वेळेवर गेलं. आपण ती जागा नाकारली. प्रवाशाने पर्याय नाकारला असेल तर भरपाईचा विचार करणं अवघड जातं."

फरहाचं पेन थांबलं. तिने सासूकडे पाहिलं. "अम्मी?"

"हो. तं?" जमीलाबी म्हणाली.

"तुमाले जागा देल्ली होती?"

"देल्ली होती ना. ती पोरगी आली होती सांगाले. पण म्हणे ते इमान लहान हाये, पेटी मांडीवर चालणार नाही, पेटी इमानाच्या पोटात टाका. म्हटलं, काचेचा माल हाये. तं म्हणे, आमी सांभाळून ठेवू. सांभाळून! ते लोक गाठोडे कसे फेकून राह्यले होते, म्या काचेतून पाह्यलं नव्हतं काय? म्या म्हटलं, मी पेटी सोडत नाही. तुमचंच इमान येऊ द्या."

"आन् हे तुमी मले सांगतलं नाही?"

"तू कोठी विचारलं?"

खोटं कशाला बोला, जमीलाबीने काही लपवलं नव्हतं. तिला ती सांगण्याजोगी गोष्टच वाटली नव्हती. तिच्या सासूने तिला हा धंदा शिकवला तेव्हा पहिला धडा हाच दिला होता: मूल कोणाच्या कडेवर दे, पण काचेची पेटी परक्या हातात देऊ नको. तिने जीपच्या टपावर पेटी कधी ठेवली नाही. एसटीत उभी राहिली तर पेटी उचलून उभी राहिली. कोणी विचारलं असतं की तू त्या दिवशी श्वास घेतलास का, तर तिने हेच म्हटलं असतं, घेतला ना, तर?

फरहाने डोक्याला हात लावला. "मॅडम," फोनमधून धम्मरत्न म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला, "विमानाला उशीर झाला हे तर आमच्याकडे लिहिलेलंच आहे. तुमचं नेमकं काय नुकसान झालं ते तुम्ही स्पष्ट लिहून पाठवा. मी वर पाठवतो. आज संध्याकाळच्या आत तुम्हाला फोन करतो."

फोन बंद झाला. पिपाणी नाही, काही नाही. दुकान फार शांत वाटायला लागलं.

"काय लिवू, अम्मी?" फरहा म्हणाली. "मानसिक त्रास लिवतो. पण ग्राहक आयोगात जरी गेलो ना, तं हे लोक हेच म्हणतील. बाईनं जागा सोडली, पेटी नाही सोडली."

"पेटी सोडून कसं जमंन?"

"का बरं नाही जमणार?" फरहा म्हणाली. ती अकोल्याची, तिला या घरचे सगळे धडे मिळाले नव्हते. "बेंगळुरात बांगड्या मिळत नाहीत काय?"

जमीलाबीने फडकं उचललं. नुकसान काय झालं, हे तिला दोन महिने पक्कं ठाऊक होतं: चुडा चुकला, शब्द गेला. पण ते कोणाच्या हातून फुटलं, हा प्रश्न तिने फक्त फोनला विचारला होता. आता तो प्रश्न घुमून दुकानात आला होता आणि बसायला जागा शोधत होता. तिने कपाटातली रांग पुसली. परत पुसली. दारापर्यंत गेली, मागे आली. इब्राहीमचाचांनी या वेळी थट्टा केली नाही. ते फक्त म्हणाले, "पायाले भिंगरी बांधली तं एखाद्या घरी तं जा."

"जातो," ती म्हणाली. आणि पेटी उचलली. तीच पेटी, तोच हिरवा चुडा, कापसात होता तसाच. बेंगळुरूहून परत आणला होता, विकवला नव्हता तिच्याने.

फोन तिने कमरेच्या बटव्यात टाकला, कारण संध्याकाळच्या आत फोन येणार होता.

उज्ज्वलाचं घर धान्य बाजाराच्या मागल्या अंगाला. समोर रस्ता, रस्त्याला लागून ओटा, आणि शेजारच्या ओट्यावर मनकर्णाबाई, उज्ज्वलाची चुलतसासू, कायम मुक्कामाला. दिवसभर त्या बाईंचं एकच काम, कोण कुठे जातं ते बघणं. आताही त्या गहू पाखडत होत्या, पण सूप हलत होतं तेवढंच, डोळे रस्त्यावर.

उज्ज्वला दारातच होती. जमीलाबीला बघून तिने आत जायला पाऊल उचललं, पण गेली नाही. ती तशी उद्धट बाई नव्हती. "या," म्हणाली. पाणी आणायला वळली.

"पाणी नको," जमीलाबी म्हणाली आणि ओट्यावरच बसली. धाप लागली होती. "मले पयले सांगू दे. मले त्या दिवशी दुसऱ्या इमानात जागा देल्ली होती. मी वेळेवर आली असती. पेटी त्यायच्या हातात द्या लागत होती, म्हणून नाही आली."

उज्ज्वला उभीच होती. "पेटीसाठी?"

"पेटीसाठी."

"बांगड्या तं तठी ढीगभर होत्या, चाची," उज्ज्वला म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "दुकानातून बाई बोलावली होती, मोठं ताट भरून आणलं होतं तिनं. बांगड्यायची काय कमी होती? तुमचा हात नव्हता."

जमीलाबीने पेटी मांडीवर ओढून घेतली.

"तुमाले माहीत हाये, काय झालं ते?" उज्ज्वला खाली बसली. शेजारच्या ओट्यावरचं सूप थांबलं होतं, तरी ती तशीच बोलली, उलट जरा मोठ्याने. "सगळ्या बायका गोल बसल्या होत्या. मी मांगं होती. मनात म्हणत होती, आता येईन चाची, आता येईन. त्या बांगडीवालीले काय माहीत, कोण कोण हाये ते. ती माह्यासमोर आली, म्हणे, अम्मा, हात द्या. आन् म्या देल्ला. कसा देल्ला, मलेच समजलं नाही. तुमी मनात भरवलं होतं ना! तिनं हात धरला. आन् आमच्या आत्याबाई म्हणाल्या, 'त्यायले नाही वं, त्या तशा हायेत.' अन् तिनं हात सोडला, चाची. तापलं भांडं सोडते ना कोणी, तसा."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. 

"सगळ्यायच्या समोर माहा हात तसाच होता," उज्ज्वला म्हणाली. "मंग म्या तो मांगं घेतला. रुचिकानं पाह्यलं. लग्नाच्या दिवशी पोरगी रडली ते माह्यापायी. तीन वर्षं म्या कोणाले माहं मनगट दिसू देल्लं नव्हतं, चाची. तुमी म्हणाल्या म्हणून."

जमीलाबीच्या डोळ्यांना धार लागली. तिने पुसली नाही. ती दोन महिने एका मशीनला विचारत होती, माझा दिवस कोणाच्या हातात फुटला, आणि इथे हाकेच्या अंतरावर दुसऱ्या एका बाईचा दिवस फुटून पडला होता. तो जमीलाबीच्या हातात होता तेव्हा फुटला होता. डब्यात टाकायला तिने तुकडेसुद्धा उचलले नव्हते.

"त्यायनं उशीर केला, तो त्यायचा. तो मी सोडत नाही," ती म्हणाली. "पण हे त्यायचं नाही. हे माहं हाये. दोन महिने भरपाई मागून राह्यली मी, आन् देयाची कोणाले होती ते समजलंच नाही." आणि तिने पेटी उघडली. "आण हात."

"आता कायले?" उज्ज्वला मागे सरकली. "लगन झालं, चुडा झाला. आता कोण पाह्यते?"

"हा रस्ता पाह्यते," जमीलाबी म्हणाली. "आण."

"चाची, आत चला. आत भरा."

"आत नाही. सगळ्यायच्या समोर सोडला ना त्या बाईनं? मंग मी सगळ्यायच्या समोर धरतो."

उज्ज्वला हात देईना. ती रस्त्याकडे बघायची, शेजारी बघायची, पदर ओढायची, पुन्हा सोडायची. तिचा जीव नुसता वरखाली होत होता, आणि जमीलाबी हात पसरून बसून होती. गिऱ्हाईकाच्या हाताला ओढायचं नसतं, हाही धंद्याचाच धडा. ओढलेल्या हातात बांगडी चढत नाही, हात आपणहून यावा लागतो.

तो आला. थंड होता, घामेजलेला. जमीलाबीने तो मांडीवर घेतला आणि तिला धक्काच बसला. हा हात तिच्या ओळखीचा राहिला नव्हता. तीन वर्षांत मनगटाची सवय मोडली होती, सांधे आखडले होते, पंजा रुंद झाला होता. सोयाबीनची पोती मोजून मोजून तळव्याला घट्टे पडले होते. तिने अंगठ्याचं मूळ दाबलं, जुन्या मापाची बांगडी टेकवली आणि सरकवली.

कट्‌.

हिरवे तुकडे ओट्यावर पडले. उज्ज्वलाचा चेहरा पांढराफटक झाला. "पाह्यलं?" ती पुटपुटली आणि हात ओढून घ्यायला लागली. "पाह्यलं ना, चाची? म्हणून म्हणत होती."

शेजारच्या ओट्यावरून "देवा, देवा" ऐकू आलं.

जमीलाबीने हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिने तुकडे गोळा केले, एकेक, अगदी बारीक तुकडासुद्धा बोटाच्या टोकाने टिपून, आणि आपल्या पदराच्या गाठीत बांधले. "भरताना फुटली," ती म्हणाली. "भरताना फुटली ते माही. तुहं काही फुटलं नाही. कायले घाबरतं?" मग तिने पेटीतल्या मोरपिशी बांगड्या बाजूला सारून खालच्या थरात हात घातला, एका मापाने मोठी बांगडी काढली, आणि उज्ज्वलाच्या डोळ्यांत बघत, काहीतरी तिसरंच विचारत, "मुनीम अजून चोऱ्याच करते काय वं?" म्हणत सरकवली. उज्ज्वला उत्तर द्यायला गेली आणि बांगडी मनगटावर होती.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. एकच हिरवी बांगडी, राठ हातावर. उज्ज्वलाने पदर खाली ओढला नाही.

तेवढ्यात बटव्यात फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, परत वाजला.

"चाची, फोन."

"इमानवाले असतील. नुकसान काय झालं ते विचारून राह्यले."

"मंग उचला ना."

"थांबू दे," जमीलाबी म्हणाली. "आपण किती थांबलो? थांबू दे त्यायले बी थोडं." आणि तिने दुसरी बांगडी घेतली.

फोन वाजत राहिला. दुसरी चढली, तिसरी चढली. हात आता ढिला सुटला होता, जुनी ओळख पटल्यासारखा. उज्ज्वला रडत होती आणि रडता रडता "घट्ट नको, पोती उचला लागते," असं सांगत होती. रस्त्याने जाणाऱ्या दोघीतिघी बायका चालता चालता थबकल्या होत्या. मनकर्णाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. गुडघ्यावर हात टेकत टेकत त्या आपल्या ओट्यावरून उतरल्या आणि या ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी उज्ज्वलाच्या हाताकडे पाहिलं.  जमीलाबीने पकड घट्ट केली आणि मान वर करून बघितलं, बोला काय बोलायचं ते, अशा नजरेने.

 मनकर्णाबाईंच्या तोंडात काहीतरी घोळत होतं खरं. पण बाई झाली तरी बाईच, तिचे डोळे हळूहळू हातावरून सरकून पेटीत गेले.

"हिरव्या हायेत माह्याकडं," शेवटी त्या म्हणाल्या. "मले त्या मोरपिशी दाखव."

"दाखवतो," जमीलाबी म्हणाली. "बसा. हिच्यानंतर तुमचा नंबर."